उजवीकडच्या आठ पट्ट्या

रविवार, २ फेब्रुवारी

आजपासून लिहून ठेवणार. कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होतो तेव्हा माझी स्वतःची एक वही असायची. कुठला नट काढला, कुठला बसवला, सगळं त्यात. त्या वहीमुळं कुणापुढं मान खाली घालायची वेळ आली नाही. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, आता परत एक यंत्र उघडायचंय, तर परत वही.

नव्या पेठेतल्या सिद्धलिंगच्या दुकानातून डिजिटल इक्वलायझर आणला. पाटाएवढी काळी पेटी, समोर काच, काचेत एकतीस उभ्या पट्ट्या. डावीकडच्या पट्ट्या जाड आवाजाच्या, ढोलबिल त्यात येतो. उजवीकडच्या बारीक आवाजाच्या. जो आवाज कमी पडतो त्याची पट्टी वर ढकलायची. पोरखेळ आहे.

विजयमाला, म्हणजे आमची बायको, पेटी बघून म्हणाली, "आता ह्ये कशाला आनि? टेप चांगला वाजतोय की."

चांगला वाजतोय म्हणे! कैताळ मेलंय त्यातलं. तिला काय कळणार.

वहीत नीट लिहून ठेवतो. माझा थोरला भाऊ बिरप्पा, म्हणजे आमचा दादा, गेल्या वर्षी गेला. नातेपुत्याच्या पलीकडं आमची वाडी. तिथल्या गजी मंडळाचा, म्हणजे ढोलावर नाचणाऱ्यांच्या जथ्याचा, ढोल त्याच्या घरचा, ओवीही त्यानंच म्हणायची. आमच्या घरात पद्धत अशी, की ढोलाचा मालक गेला की ढोल वर्षभर घोंगडीत बांधून ठेवायचा. वर्ष भरलं की घोंगडी सोडून ढोल अंगणात मांडायचा आणि ओवी म्हणायची. ओवीच्या शेवटी कैताळाचे, म्हणजे आमच्या मोठ्या झांजेचे, तीन सुटे ठोके पडतात. तिसऱ्या ठोक्यावर मागं राहिलेल्या भावानं ढोलावर थाप मारायची. थाप ठोक्यावर पडली की घरची बाई भंडारा उधळते आणि ढोल मोकळा होतो. चुकली तर ढोल आणखी वर्षभर घोंगडीत.

मागं राहिलेला भाऊ मी. दादाच्या बायकोचा, सोनावैनीचा हट्ट असा, की ओवी दादाच्याच आवाजात पाहिजे. ती आहे फक्त माझ्याकडं. १९९२ साली मीच टेपवर भरलेली कॅसेट. त्यात कैताळ मंडळातल्या भिमानं वाजवलंय. भिमासारखं कैताळ पंचक्रोशीत नव्हतं. आता बिचाऱ्याचा उजवा हात लुळा पडलाय.

वर्ष भरतंय सोळा तारखेला, तेही रविवारी, बिरोबाच्या वारी. गेल्या महिन्यात कॅसेट लावली तर दादाचा आवाज खणखणीत, ढोल खणखणीत, आणि कैताळ? ओलं पोतं झटकल्यासारखं. ते तीन ठोके तर कुठं सुरू होतात आणि कुठं संपतात तेच लागत नाही. मग थाप मारू कशावर?

म्हणून इक्वलायझर. हातात चौदा दिवस आहेत.

सोमवार, ३ फेब्रुवारी

पिना बसत नाहीत. टेप डेकच्या आणि ॲम्प्लिफायरच्या लाल-पांढऱ्या बारीक पिना, आणि ह्या पेटीच्या मागं तीन दातांची मोठी भोकं. दुकानात सांगायला तोंड शिवलं होतं काय? फोन केला तर सिद्धलिंग म्हणतो, "काका, ते मंडपवाल्यांच्या सिस्टिमचं मॉडेल हाय. मी म्हटलेलो की कन्व्हर्टर वायर लागतंय म्हणून." अजिबात म्हटला नव्हता. मी समोर उभा होतो, काउंटरवर, पंख्याखाली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

वायरी आणल्या. डेकमधून इक्वलायझरमध्ये, इक्वलायझरमधून ॲम्प्लिफायरमध्ये, तिथून स्पीकरला. चार वायरी, आठ टोकं. लहान पोरानं जोडावं असं काम.

आवाज शून्य.

टोकं काढली, पुसली, परत घातली. शून्य. माहितीपुस्तक मुंगीच्या अक्षरात आणि सगळं इंग्रजीत. दुपारी तीन वाजेपर्यंत पालथा पडून होतो टेबलामागं. माळ्यावर पत्रा तापायला लागलाय, फेब्रुवारीतच. विजू जेवायला हाका मारत होती म्हणे. असेल.

त्यातच गॅसवाला येऊन परत गेला. बेल वाजवलीच नाही त्यानं. विजू म्हणते, चार वेळा वाजवली, शेजारच्या बाईनं येऊन सांगितलं. चार वेळा वाजवली असती तर मी काय बहिरा आहे? ह्या लोकांना जिना चढायचा कंटाळा, दुसरं काय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सापडलं. डेकच्या मागं दोन जोड्या आहेत, एक आवाज आत घ्यायची आणि एक बाहेर सोडायची. मी आत घ्यायच्या जोडीत घातलं होतं. चूक माझी नाही. दोन्ही जोड्यांना एकच रंग देणाऱ्याची आहे.

आवाज आला! आणि आवाजाबरोबर घूंऽऽऽ अशी गुणगुण. दादा ओवी सुरू करायच्या आधीच कुणीतरी तंबोरा लावून बसल्यासारखं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

दोन दिवस फक्त गुणगुण. वायरी लांब केल्या, जवळ केल्या, पेटी फळीवरून खाली, खालून परत फळीवर. काही नाही. शेवटी सिद्धलिंग स्वतः आला. चांगला आहे तसा, पण बोलतो फार हळू, ओठातल्या ओठात. त्यानं टेस्टर लावला आणि म्हणाला, "काका, पेटीचं काय नाय. तुमच्या घराचं अर्थिंग वाळलंय."

ह्यावरचा उपाय मला माहीत होता, कारखान्यात केलेला आहे. अर्थिंगच्या खड्ड्यात खडेमीठ घालायचं आणि वर पाणी सोडायचं. परसातला खड्डा उकरला, दोन किलो मीठ घातलं, वर तीन घागरी ओतल्या.

ह्यावरून विजूनं जो दंगा केला! नळाला पाणी येऊन चार दिवस झालेले, पुढची पाळी उद्या. "प्यायच्या घागरी मातीत वतल्या? काय म्हनावं ह्या मानसाला! इजंला तहान लागलीया आनि आमी काय करावं?" शेजारून दोन कळश्या मागून आणल्या तिनं आणि त्या माझ्यासमोर दणकन ठेवल्या.

पण गुणगुण गेली. मी म्हटलं, बघ. तिनं बघितलं नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज सगळं स्वच्छ जुळलं. दार लावलं, कॅसेट घातली. पेटीच्या काचेत पट्ट्या नाचायला लागल्या. दादाची हाक आली आणि मधल्या पट्ट्या उठल्या. काटा आला अंगावर. समोर उभा राहिला दादा, खांद्यावर घोंगडी टाकून.

आणि कैताळ? तेच ओलं पोतं.

आता गंमत बघा. ओवी संपत आली, ठोक्यांची जागा आली, तेव्हा उजवीकडच्या आठ पट्ट्या एकदम छपराला जाऊन टेकल्या. एकदा, दोनदा, तीनदा. आणि कानाला काहीच नाही. म्हणजे पेटीच्या काचेत आवाज आहे, स्पीकरमध्ये नाही. सरळ बिघाड आहे. काच खोटं दाखवते.

खात्री करायला पेटीतला चाचणीचा आवाज लावला. त्यात एकेका पट्टीचा आवाज सुटा वाजवता येतो. डावीकडचे सगळे ऐकू आले. मधले आले. उजवीकडं गेलो तसे बारीक होत गेले आणि आठ हजार आकड्याची पट्टी लावली तर काहीच नाही. ठार. आवाजाचं बटण निम्म्यापर्यंत नेलं. तरी नाही.

तेवढ्यात विजू स्वयंपाकघरातून दोन्ही कानांवर हात ठेवून धावत आली. "आवो, बंद करा ती शिट्टी! डोस्कं फुटायलंय माजं!" मी म्हटलं, कसली शिट्टी? कुकर तर गॅसवर नव्हताच. खाली गल्लीतलं कुत्रंही तोंड वर करून केकाटत होतं. शुक्रवार पेठेत कशाचा कशाला मेळ नाही राहिला.

एवढं मात्र सिद्ध झालं, की पेटी सदोष आहे. उद्या दुकान बंद असतं, परवा जातो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

भांडून आलो. सिद्धलिंगनं पेटी दुकानातल्या स्पीकरला जोडली, चाचणीचा आवाज लावला, आठ हजारावर नेला आणि माझ्या तोंडाकडं बघत बसला. मी म्हटलं, बघ, काही आहे? त्यानं लगेच बंद केलं. दुकानात एक गिऱ्हाईक होतं, ते तोंड वेडंवाकडं करून बाहेर गेलं. सिद्धलिंगनं पेटीची वायर काढली. मग जवळ येऊन म्हणाला, "काका, एक सांगू का? राग मानू नका. एकदा तुम्ही..."

मी म्हटलं, रागाचा प्रश्न नाही, पेटी बदलून दे. चौतीस वर्षं इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगितलाय मी. इंजिन यार्डात शिरायच्या आधी सांगायचो, कुठलं बेअरिंग गेलंय. साहेब लोक मला बोलवायचे, "शहाजीचा कान आणा" म्हणून. तू मला आवाज शिकवतोस?

त्यानं पहिली पेटी बाजूला सारली. फळीवरची दुसरी पेटी काढली, नवी कोरी, आणि गुमान बांधून दिली. आपल्या मालात खोट आहे हे त्याला माहीत होतं. नाहीतर व्यापारी माणूस एवढ्या सहज बदलून देतो का?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दुसरी पेटीही तशीच. त्याच कारखान्याची, दुसरं काय निघणार.

हिच्यात एक खोली मोजायचा माईक आहे. माईक मधोमध ठेवायचा, पेटी सूंऽऽ असा आवाज सोडते, तो ऐकते आणि आपणहून पट्ट्या बसवते. बसवल्या. काय केलं असेल तिनं? उजवीकडच्या पट्ट्या खाली ढकलल्या! म्हणे बारीक आवाज जास्त आहे. जे मुळातच नाही ते जास्त आहे. डोकं फोडून घ्यावं भिंतीवर.

विजूला बोलावून कॅसेट लावली आणि विचारलं, खरं सांग, कैताळ ऐकू येतंय? ती म्हणाली, "येतंय की. लई झ्याक येतंय." मी म्हटलं, नुसतं हो ला हो करू नको. तशी ती उखडली. "मग काय न्हाय म्हनू? तुमचं म्हंजे नाचता येईना अंगन वाकडं!"

बायकोनं हे बोलावं. गेली काही वर्षं तिचं बोलणं असंच झालंय. एकतर पुटपुटते, नाहीतर ओरडते. मधलं काही नाही.

संध्याकाळी वाडीवरून इंद्रजीतचा फोन आला. इंद्रजीत म्हणजे दादाचा मुलगा. तो म्हणाला, "तात्या, कॅसेट हिकडं द्या, मी मोबाईलवर भरून घेतो, मंडळाच्या स्पीकरवर लावू." सरळ नाही म्हणालो. मोबाईलमध्ये काय राहतं? दादाला मी डब्यात घालून वाजवू देणार नाही. लहानपणापासून दादानंच मेंढरं राखली आणि मला आयटीआयला धाडलं. पावसात बिरोबाच्या माळावर तो, आणि मी शाळेच्या खोलीत. त्याच्या ढोलावर थाप चुकली तर मी वाडीत परत कुठल्या तोंडानं जाऊ? खरं सांगायचं तर गेले आठ दिवस मला दुसरं काही सुचत नाही. भीती वाटते.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आर या पार. उजवीकडच्या आठही पट्ट्या पार वर नेऊन ठेवल्या, जिथं संपतात तिथं. आता कैताळ जरासं जिवंत झालं. तीन ठोके सुटे लागले, बारीक पण लागले. पाच वेळा लावून पाच वेळा मांडीवर थाप मारली. जमलं!

विजू शेजाऱ्यांकडं जाऊन बसली होती. आल्यावर म्हणाली, "ह्ये आसंच वाजवनार तितं?" म्हटलं, असंच. ती काहीतरी बोलणार होती, मग म्हणाली, "तुमची मर्जी."

सोमवार, १७ फेब्रुवारी

काल लिहायची इच्छा नव्हती. आजही नाही. तरी लिहितो, कारण वहीत बिघाड लिहायचाच असतो.

पहाटेच डेक, ॲम्प्लिफायर, इक्वलायझर आणि दोन्ही स्पीकर भाड्याच्या जीपमध्ये घालून विजूबरोबर वाडीवर गेलो. अंगणात पन्नास-साठ माणूस. मधे ढोल मांडलेला. मागं जाळीच्या वाघरीत मेंढरं. भिमाला खुर्चीत आणून बसवलं होतं. सोनावैनी भंडाऱ्याचं ताट घेऊन उंबऱ्याजवळ.

मी सगळं जोडलं, पट्ट्या परवासारख्या पार वर नेल्या. मोकळं अंगण, म्हणून आवाज घरच्यापेक्षा दुप्पट ठेवला. कॅसेट सुरू केली आणि ढोलाजवळ जाऊन उभा राहिलो.

दादाचा आवाज निघाल्याबरोबर वैनीनं पदर डोक्यावरून ओढून घट्ट धरला. मला वाटलं, रडू आलं तिला. बायाबापड्यांनी माना खाली घातल्या, पोरं आयांच्या कुशीत शिरली. मला भरून आलं. तेहतीस वर्षांनी दादा अंगणात आला आणि बघा कसा सगळ्यांच्या काळजाला भिडला, असं मी मनात म्हणत होतो.

मग मेंढरं उधळली. वाघूर पाडून एकावर एक पडत ओढ्याकडं पळाली, माणसं त्यांच्या मागं. आणि इंद्रजीत धावत आला आणि त्यानं आवाजाचं बटण खाली पिळलं. ओवी अजून चालू होती!

"हात काढ!" मी ओरडलो.

"तात्या, मानसांचं कान फाटायलेत! काय लावलंय ह्ये? नुसती किंकाळी हाय!"

"तुज्या बापाची ओवी हाय ती!"

"आबाची ओवी मला म्हाईत हाय की. ही न्हाय ती."

ही न्हाय ती! मी त्याला काय काय बोललो ते लिहीत नाही. सगळ्या भावकीसमोर बोललो. मीच वायर ओढली, दादा अर्ध्या ओळीत थांबला.  मेंढरं लांब ओरडत होती.

वैनी उठली. घोंगडी आणून ढोल परत गुंडाळला.  बांधून झाल्यावर म्हणाली, "भावजी, कॅसेट पुरी वाजली न्हाय, म्हंजे थापबी चुकली न्हाय. आवस सत्तावीसला हाय. तिच्या आदी आनि एक रविवार हाय. तवा बगू."

सामान तिथंच टाकून मी एसटीनं परत आलो. माझ्या भावाच्या पोरानं भर अंगणात माझ्या यंत्राला हात घातला. 

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज सकाळी मी पुन्हा इंद्रजीतला नावं ठेवत होतो. त्याला कान नाही, हल्लीच्या पोरांना डीजेच्या भिंतीपुढं नाचून कान राहिलेच नाहीत वगैरे. विजू भाकरी थापत होती. तिनं परात बाजूला सारली, पिठाचे हात धुतले, खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि माझ्या कानाला लावलं.

"काय येतंय?"

"काही नाही. सेल संपला असेल."

तिनं घड्याळ माझ्या डोळ्यांपुढं धरलं. सेकंदाचा काटा टकाटक पुढं चालला होता. मी ते घड्याळ परत कानाला लावलं. दुसऱ्या कानाला लावलं. परत डोळ्यांपुढं धरलं. काटा चालत होता.

किती वेळ हे करत बसलो माहीत नाही.

मग मी तिच्यावरच ओरडलो. कधीपासून माहीत आहे तुला? ती म्हणाली, तीन वर्षं. "घंटीचं कळंना, कुकरचं कळंना, चिमन्या अंगनात नाचून जात्यात तर म्हनायचा, आता चिमन्या राहिल्या न्हाईत. मी दोनदा म्हनलं, दवाखान्यात जाऊ. दोनदाबी तुमी ताट सारून उठला. मग म्या सोडलं. म्हनलं, मी हाय की. घंटीला मी उठंन." आणि ती रडायला लागली. मी तिला गप्प बस म्हणालो. मला स्वतःचा आवाज तेवढा नीट ऐकू येत होता.

ह्याचा अर्थ त्या दिवशी वाडीवर जे झालं ते... नको. उद्या.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

कान तपासून आलो. विजूनंच नंबर लावला. तपासणाऱ्या बाईंचं नाव दाक्षायणी, आपल्या पोरीच्या वयाच्या. त्यांनी एका काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. आधी पटापट दाबत होतो. नंतर बराच वेळ काही येईनाच. मला वाटलं, मशीन बंद पडलं. काचेतून बघितलं तर बाई एकामागून एक खुणा करत होत्या आणि विजू माझ्याकडं बघत होती. तेव्हा कळलं की आवाज चालू आहेत.

त्यांनी कागद दिला. डावीकडून रेघ सरळ येते आणि उजवीकडं कड्यावरून पडावी तशी खाली जाते. त्या समजावून सांगायला लागल्या, डावीकडं जाड आवाज, उजवीकडं बारीक. मी म्हटलं, बाई, हे मला पाठ आहे. हीच रेघ मी गेले पंधरा दिवस पेटीवर उलटी काढत होतो. जिथं माझा कान खाली गेला, तिथं मी पट्टी वर ढकलली, आणि माझ्या कानाचं औषध पन्नास माणसांच्या कानात ओतलं.

सिद्धलिंगला हे पहिल्या पेटीलाच कळलं होतं. तो सांगत होता, मी बोलू दिलं नाही. वर त्याच्या मालाला खोट लावली. लाज वाटते.

यंत्र मिळेल म्हणाल्या, कानाच्या मापाचं, दहा-बारा दिवस लागतील. मी विचारलं, रविवारपर्यंत नाही का होणार? नाही म्हणाल्या.

म्हणजे परवा कैताळाशिवाय थाप मारायची. विजू म्हणते, मी तुम्हाला मागून चिमटा काढीन. हसू आलं, आणि रागही आला. दादाच्या ढोलावर बायकोच्या चिमट्यानं थाप मारू?

शनिवार, २२ फेब्रुवारी

इंद्रजीतला फोन करायला तीनदा उचलला, तीनदा ठेवला. फोनवर त्याचं निम्मं बोलणं मला कळत नाही हे आता कळलं. जाऊनच बोलतो.

सोमवार, २४ फेब्रुवारी

काल सकाळी विजूबरोबर वाडीवर पोचलो. सामान पडवीत तसंच होतं, वर गोणपाट टाकून ठेवलेलं. इंद्रजीतनं रामराम केला आणि बाजूला झाला.

मी त्याच्यासमोर मधला इक्वलायझर काढला, डेकची वायर सरळ ॲम्प्लिफायरला जोडली. दोन मिनिटांचं काम. आवाजाचं बटण त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, तुला बरा वाटेल तेवढा ठेव. त्यानं विचारलं, "तात्या, तुमाला ऐकू येईल का तेवढ्यात?"

आता अंगण भरलं होतं. सगळे बघत होते. मी म्हटलं, "न्हाय येनार. मला बारीक आवाज ऐकू येत न्हाय. तीन वर्षं झाली. त्या दिवशी चूक माजी हुती, तुजी न्हवती."

मोठ्यानं म्हटलं. किती मोठ्यानं ते मला सांगता यायचं नाही. इंद्रजीत खाली वाकला, माझ्या पायाला हात लावला. मला ते नको होतं, मी त्याला धरून उठवलं.

मग मी भिमाकडं गेलो. म्हटलं, भिमा, कैताळ तुजं हाय, तुला पाठ असंल. माझ्यासमोर बस, आणि हातानं दाखव. भिमानं मान हलवली. चौघांनी त्याची खुर्ची उचलून ढोलाच्या पलीकडं, माझ्या समोर आणून ठेवली.

कॅसेट लागली. दादाचा आवाज आला, ढोल आला. बाकी माझ्यासाठी ते ओलं पोतंच होतं. पण भिमाचा लुळा हात मांडीवर पडलेला आणि डावा हात त्याच्यावर पडत होता, टाळी दिल्यासारखा. प्रत्येक ठोक्याला त्याचा खालचा ओठ हलायचा. मी आजूबाजूला बघितलंच नाही. त्या हाताकडं बघत राहिलो. कैताळ किती भरघोस होतं त्या ओवीत, हे मला काल दिसलं. दादा एक ओळ म्हणायचा आणि भिमा ती झेलायचा.

ओवी संपत आली. भिमाचा हात थांबला, वर गेला. एक. परत वर गेला. दोन. मी हात उचलला. भिमाचा हात तिसऱ्यांदा खाली आला, आणि मी थाप मारली. ढोलाचा दणका मला पायाच्या तळव्यातून डोक्यापर्यंत कळला. मग अंगणात सगळं पिवळं झालं, माझ्या डोक्यावर भंडारा, ढोलावर भंडारा, मंडळाच्या लोकांनी ढोल उचलला, इंद्रजीतनं गळ्यात घातला. वैनी उंबऱ्यात ताट रिकामं करून उभी होती. रडत होती. ह्या वेळी नीट बघितलं, रडतच होती.

परत येताना एसटीत मी विजूला विचारलं, खरं सांग, थाप ठोक्यावर पडली का? आवाजाबद्दल दुसऱ्याचं खरं मानायच्या तयारीनं मी आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं असेल. ती काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही, म्हणून मी तसं सांगितलं. मग ती माझ्या कानाशी वाकून परत म्हणाली, "जरा मागं पडली. पन सोनाअक्कांनी भंडारा त्याच्या आदीच टाकला हुता."